चिझूचा चेहरा

आमच्या ह्यांनी टोकियो किती वेळा मारलं असेल, विचारू नका. मासिकातल्या त्यांच्या चित्रकथेत शहर जळलं, बुडालं, राखेखाली गाडलं गेलं. पण त्या राखेतून हिंडणाऱ्या आठ वर्षांच्या पोरीला मात्र कधी साधं खरचटलंही नाही. तिचं नाव चिझू. आमच्या लेकीचं नाव. आमची चिझू आठव्या वर्षी तापाने गेली. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आटोपले, पाहुणे गेले, आणि हे उठून टेबलाशी बसले ते अजून तिथेच आहेत.

मग त्यावर कार्टूनपट काढायला नुकागा नावाचे दिग्दर्शक आले. मासिकातली गोष्ट चालूच होती, पण सिनेमाला शेवट हवा.

"सेन्सेई, शेवटी पोरगी मरते असं दाखवू," ते ह्यांना गुरुजींचा मान देत म्हणाले. "लोक ढसाढसा रडतील."

मी चहाचा ट्रे आदळला. "माझ्या घरात बसून, माझाच चहा पिऊन माझ्या पोरीला मारताय? एकदा मेली तेवढं पुरे नाही झालं?"

बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ते चटईला डोकं टेकवून म्हणाले, "वहिनी, चुकलो. आपण जगवू तिला. वीस वर्षांनी शहरात गवत उगवलंय आणि मोठी झालेली चिझू त्यातून चाललीये. सेन्सेई, तुम्ही फक्त मोठ्या चिझूचा तक्ता द्या."

तक्ता म्हणजे एकाच कागदावर पात्र समोरून, बाजूने आणि पाठमोरं. तो समोर ठेवून मग स्टुडिओतली सगळी माणसं तेच पात्र काढतात.

हे बसले. काढायचे, खोडायचे. खोडरबराचा चुरा मी रोज झाडत होते.

"अहो, ही छान आहे की!"

"ही तू आहेस."

"मग काय बिघडलं? लेक आईसारखी दिसत नाही का?"

"नाक तिचं माझ्या आईचं होतं. ते पुढे कसं झालं असतं? आणि हनुवटी? सांग ना, फुसाए! मला दुसऱ्या कुणाची पोरगी नकोय."

"अख्खं शहर मनाने रचता, आणि एक चेहरा येत नाही तुम्हाला?" मी ओरडले. ते रडायला लागले. मग मीही रडले.

एक दिवस घरी आल्या आल्या म्हणाले, "दिला तक्ता." चेहरा जमला, असंच मी धरलं. मी लाल भात शिजवला. मुलगी वयात आली की घरोघरी शिजतो तो. माझा राहूनच गेला होता.

पहिल्या खेळाला आम्ही दोघं पुढेच बसलो. शेवटी ते हिरवं गवत आलं, आणि त्यातून एक उंच मुलगी चालू लागली. केस वर बांधलेले, उजवा पाय जरासा आत टाकत. अगं बाई, चिझूच ती! अशीच चालायची. माझा जीव नुसता डोळ्यांत आला. आता वळेल, मग वळेल म्हणून मी बघत राहिले. ती आपली चालतेच आहे.

"चिझू, मागे बघ गं," मी मोठ्याने म्हणाले. "एकदाच बघ. आई आहे इथे."

मागून कुणीतरी शूः केलं. ह्यांनी माझा हात घट्ट धरला.

"नाही बघणार ती," ते म्हणाले. "मी फक्त पाठ काढून दिली."