उसन्या गाईंचा आदर्श गोठा

"गाय माझी, गोठा त्याचा, अन् फोटो कुणाचा?" मोरी गाईच्या पाठीवर पाण्याची बादली उपडी करत थोरली म्हणाली. "मला आधी एवढं सांग, मग हात लाव दाव्याला."

दाव्याला हात घालायला वाकलेली धाकटी जाऊ तशीच थबकली. मोरी मात्र डोळे मिटून पाणी अंगावर घेत होती. भल्या सकाळी आपल्याला एवढं घासूनपुसून का काढतायत, हे काही तिला उमगत नव्हतं.

"अहो जाऊबाई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे," धाकटी म्हणाली. "सकाळी न्यायच्या, दुपारी परत. सगळ्या आळीच्या गाई चालल्यात. चेअरमनचा निरोपच आहे तसा."

"निरोप धाडायला काय जातंय त्याचं? आयजीच्या जिवावर बायजी उदार! स्वतःच्या गाई विकून मोकळा झाला, म्हणे शेणाचा वास सहन होत नाही. अन् आता आदर्श गोठा! गोठा आदर्श, गाई उसन्या. उद्या म्हणेल, पाहुण्यांना आदर्श संसार दाखवायचाय, तुमचे नवरे पाठवा दोन दिवस."

"न्या म्हणावं," धाकटी खाली बघून पुटपुटली. "परत नाही आणले तरी चालेल."

थोरलीला हसू फुटलं, पण तिने ते बादलीच्या खडखडाटात दडवलं. भांडताना हसलं की भांडण वाया जातं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

चेअरमन म्हणजे गावच्या दूध संस्थेचा चेअरमन. तोंडावर सगळे त्याला चेअरमनसाहेब म्हणत, पाठ फिरली की 'मलई' म्हणत. दूध कुणाचंही असो, वर तरंगायचा तोच. त्याचा बाप साधा माणूस होता. गुडघ्यात चरवी धरून धार काढायचा अन् गाईशी बोलता बोलता दुधाला फेस आणायचा. थोरली नवी नवरी होऊन आली तेव्हा दारोदार दूध गोळा करायला तोच यायचा, सायकलला दोन कॅन लटकवून. कुणाच्या वासराला ढाळ लागली तर सायकल तिथेच टेकवून बसायचा. त्याच्या पोटी हे रत्न निघालं. ओढ्यापलीकडच्या टेकाडावर त्याने सरकारी योजनेतून गोठा बांधला होता. वर पंखे, खाली रबरी गाद्या, भिंतीला फरशी. 'छोट्या दूध उत्पादकांसाठी' असं दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं. छोटा उत्पादक तिथे एकच जात असे, झाडलोट करायला.

तेवढ्यात थोरलीचा दीर आला. संस्थेच्या काट्यावर दूध मोजायचं काम त्याचं, म्हणून सारा गाव त्याला माप्या म्हणे. माणूस सरळ, पण चेअरमनसमोर गेला की त्याचा कणा ओल्या सुतळीसारखा व्हायचा.

"वहिनी, नाट लावू नका," तो म्हणाला. "आज शहरातून मोठ्या बाई यायच्यात, दूध विकास खात्याच्या. टाकी कुठं बसवायची ते आजच ठरायचंय. चेअरमननी शब्द दिलाय, त्या गोठा बघून खूश झाल्या की टाकी आपल्या आळीत, काट्याच्या खोलीशेजारी."

टाकीचं नाव निघालं अन् थोरलीचा हात थांबला.

ही टाकी म्हणजे दूध थंड ठेवायची टाकी. आळीतल्या प्रत्येक बाईच्या मनात ती कधीचीच बसून गेली होती. दूध न्यायला टेम्पो यायचा तो फक्त सकाळी. संध्याकाळच्या धारेला गिऱ्हाईकच नव्हतं. थंडीत ते कसंबसं सकाळपर्यंत टिकायचं. एकदा ऊन तापलं की रात्रीतून नासायचं, अन् माप्याच नाक मुरडून ते परत करायचा, सख्ख्या वहिनीचं असलं तरी. गाय दोन वेळा चारा खायची, दोन वेळा शेण टाकायची, अन् दुधाची किंमत मात्र एकाच वेळची. उरलेलं शेजारीपाजारी वाटायचं, मांजरांना घालायचं, अन् तरी उरलं तर उकिरड्यावर ओतायचं. ओतताना थोरली तिकडे बघत नसे. पोटच्या पोराला कुणी मारलं तर आई जशी मान फिरवते, तशी फिरवायची.

योजना तिने उदंड पाहिल्या होत्या. एकदा लांबच्या मुलखातून फुकट गाई आल्या होत्या, हत्तीएवढ्या. त्यांना ऊन सोसेना, चारा पुरेना. त्या गेल्या अन् त्यांचे फोटो तेवढे संस्थेच्या भिंतीवर राहिले. मग लोणी काढायचं यंत्र आलं. त्याची फीत कापली, पाटीवर नाव लिहिलं, अन् गावात तेव्हा वीजच नाही हे मग आठवलं. बैल गेला अन् झोपा केला! पण टाकीची गोष्ट निराळी होती. ही योजना खरंच तिच्या दुधाची होती. म्हणून तर तिला भीती वाटत होती.

"आळीतच बसणार ना?" तिने दिराकडे रोखून पाहिलं.

"शब्द दिलाय त्यांनी."

"त्याचा शब्द म्हणजे पाणी घातलेलं दूध. पण जा, ने. अन् वासराचं काय?"

"वासरं नकोत म्हणालेत. घाण करतात. अन् फोटोत बरगड्या दिसतात."

थोरलीने मोरीचं दावं सोडून त्याच्या हाती दिलं. दुपारपर्यंत तर गाय परत येणार होती. धार संध्याकाळची. मग कशाला उगाच जीभ शिणवा?

आळीतल्या सगळ्या गाई ओढा ओलांडून टेकाड चढल्या. मागे राहिलेली वासरं घराघरांतून हंबरत राहिली.

पाहुणे सकाळी यायचे होते. ते मोठे पाहुणे होते, म्हणून दुपार कलल्यावर आले.

तोवर बायकांना मांडवात शेवटच्या रांगेत बसवून ठेवलं होतं. 'लाभार्थी' असा कागद त्या रांगेवर टाचणीने लावला होता. पुढच्या गाद्यांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पण तिथे बसायचं नव्हतं. चेअरमन इस्त्रीच्या कपड्यांत मांडवभर फिरत होता अन् मधूनच गाईंच्या पाठीवर दोन बोटं फिरवत होता, ओला रंग वाळला का बघावं तशी.

"बघ," थोरली धाकटीच्या कानाशी लागली. "गाईला हात लावतो अन् रुमालाला पुसतो."

"हळू बोला, जाऊबाई."

"हळू बोलूनच तर ही वेळ आली."

बाई आल्या. चष्मेवाल्या, थकलेल्या, अन् फार न हसणाऱ्या. सोबत दोन-तीन माणसं, एकाच्या गळ्यात कॅमेरा. चेअरमनचं भाषण सुरू झालं. छोटा शेतकरी त्याच्या भाषणात इतक्यांदा आला की खऱ्या छोट्या शेतकऱ्याला ओशाळल्यासारखं झालं. मग तो मुद्द्यावर आला.

"बाईसाहेब, आपण बघताच आहात. गावातलं सगळं चांगलं पशुधन याच छताखाली आहे. आळीत आता उरलंय काय? दोन शेळ्या अन् चार कोंबड्या. तेव्हा टाकी इथेच, या आदर्श गोठ्यात बसावी, अशी साऱ्या गावाची नम्र विनंती आहे."

टाळ्या पुढच्या रांगेतून आल्या. शेवटची रांग दगडासारखी बसली होती.

धाकटीने थोरलीचा हात घट्ट पकडला. टेकाडावर टाकी म्हणजे संध्याकाळी चुली, पोरं, म्हातारी माणसं सोडून कॅन डोक्यावर घेऊन ओढा ओलांडायचा. पावसाळ्यात ओढा भरला की संपलंच. म्हणजे टाकी चेअरमनची, अन् उकिरडा आपला.

थोरलीने दिराकडे पाहिलं. माप्या मांडवाच्या खांबाला टेकून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

"आता यंत्राने धार काढून दाखवतो," चेअरमन म्हणाला. "दुधाला हात लागायला नको. एकदम आधुनिक."

नवंकोरं यंत्र घरघरायला लागलं. बांडी गाईच्या आचळांना नळ्या लावल्या. बांडीने मान वळवून एकदा मागे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं, अन् कास आवळून धरली. काचेच्या भांड्यात चार थेंब पडले. दुसऱ्या गाईने तेवढेही दिले नाहीत. कासा नुसत्या तटतटून भरल्या होत्या, पण पान्हा सोडायला एकही गाय तयार नव्हती. सकाळपासून वासराचा वास नाही, घरच्या बाईचा आवाज नाही, अन् कानाशी हे भूत घरघरतंय.

"लाजतायत," चेअरमन हसून म्हणाला. "पाहुण्यांची सवय नाही ना."

"गाईला लाज आहे म्हणायची," थोरली मांडवाला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली.

मागची रांग फिसकन हसली. मोरीला नळ्या लावायला गेलेल्या माणसाने जरा जोर केला, तशी मोरीने लाथ झाडली. नळी उडाली ती थेट पुढच्या रांगेतल्या पाहुण्याच्या मांडीवर.

बाईंनी चष्मा सावरला. "वासरं कुठायत यांची?"

हा प्रश्न गावातल्या शेंबड्या पोरालाही पडला असता. चेअरमनलाच तो पडला नव्हता. गाईखाली बसणं त्याने सोडलं, अन् पान्हा नावाची गोष्ट डोक्यातूनच गेली.

"आहेत की," तो म्हणाला. "पलीकडच्या गोठ्यात."

"मग आणा ना."

"हो हो. माप्या, जा रे, वासरं घेऊन ये."

माप्या जागचा हलला नाही. "कुठून आणू, साहेब?"

"अरे, पलीकडून!"

"पलीकडे कडबा आहे."

चेअरमनच्या मानेवरची शीर टरारून फुगली.

थोरली उठली. रांगेवरचा 'लाभार्थी' कागद तिच्या पाठीला अडकून फाटला, तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

"कशाला बिचाऱ्याला पळवता?" ती म्हणाली. "वासरं आमच्या दारात आहेत. पाय गाईंना पण आहेत. त्याच जातील की."

"ए बाई, खाली बस!" चेअरमन ओरडला. "माप्या, तुझ्या वहिनीला आवर!"

माप्या पुढे आला. सगळ्यांना वाटलं, हा आता थोरलीचा दंड धरणार. त्याने तिच्याकडे पाहिलं, चेअरमनकडे पाहिलं, अन् खाली वाकून बांडीचं दावं सोडलं.

"गाठ पक्की बसली होती, साहेब," तो म्हणाला. बोटं काही थांबली नाहीत. तो दुसऱ्या गाईकडे वळला.

"चल गं मोरे, घरी," थोरलीने नुसतं म्हटलं. मोरीने दाव्याला हिसका दिला अन् दाराकडे वळली. मग प्रत्येकीने आपापल्या गाईला हाक घातली. रबरी गाद्या शेणाने रंगवत आदर्श गोठा रांगेने बाहेर पडला. कॅमेऱ्यावाला फोटो काढत सुटला, अन् चेअरमन "हे नको, हे नको" म्हणत त्याच्यासमोर हात पसरत राहिला.

"या गाई चालल्या कुठे?" बाईंनी विचारलं.

"घरी. धारेची वेळ झाली," थोरली चालता चालताच म्हणाली. "बघायचं असेल तर या. पण बूट काढा, ओढ्यात पाणी आहे."

बाई जरा घुटमळल्या. मग बूट हातात घेऊन खरंच निघाल्या. मागोमाग सोबतची माणसं, अन् सगळ्यांत मागे पाटलोण वर धरून चेअरमन. वाटेत तो बाईंना काहीबाही समजावत होता. ओढ्यातले गोटे निसरडे होते, त्यामुळे समजावणं अर्धंमुर्धंच राहिलं.

आळीत वासरांनी हंबरून गोंधळ घातला होता. मोरीचं वासरू दावं तोडायच्या बेतात होतं. धाकटीने सोडताच ते कासेला धडकलं, अन् मोरीने जीभ बाहेर काढून त्याची पाठ चाटायला घेतली. जरा पिऊ देऊन धाकटीने वासराला बाजूला ओढलं, थोरली खाली बसली, अन् चरवीत धारा वाजायला लागल्या. घराघरांतून तोच आवाज. बाई अंगणात ओल्या पायांनी उभ्या होत्या.

"हे संध्याकाळचं दूध कोण घेतं?"

"कोण घेणार? उकिरडा घेतो. त्याची फॅटबद्दल कधी तक्रार नसते."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी काट्याची खोली पाहिली, शेजारची मोकळी जागा पाहिली, विजेचा खांब पाहिला. चेअरमन तोंड उघडायला गेला तेव्हा त्यांनी फक्त हात वर केला.

टाकी आळीत बसली. काट्याच्या खोलीला लागूनच.

चेअरमनचं काय झालं म्हणाल, तर काही झालं नाही. अशा माणसांचं काही होत नसतं. त्याने माप्याला काट्यावरून काढलं खरं. पण दुसऱ्या दिवशी एकही बाई दूध घेऊन आली नाही, टेम्पो रिकामा गेला, अन् त्याच्या दुसऱ्या दिवशी माप्या परत काट्यावर होता. चेअरमन तेवढ्यावरही नमला नाही. टाकी आळीतच बसावी म्हणून आपण खात्याशी कसे भांडलो, हे तो आता जाहीर सभेत डोळ्यांत पाणी आणून सांगतो. टाकीच्या भिंतीवर काळ्या दगडाची पाटी बसवून घेतलीय. तीवर त्याचं नाव सोनेरी अक्षरांत आहे. छोट्या दूध उत्पादकांचा कैवारी, असंही खाली कोरलंय.

धाकटी ती पाटी वाचून संतापली होती. "खोडून टाका म्हणावं! काही लाज?"

"राहू दे गं," थोरली म्हणाली. "चांगल्या जागी बसवलीय. ऊन थेट येतं."

अन् दूध टाकीत ओतून झाल्यावर तिने गाळायचं फडकं धुतलं, पिळलं, झटकलं, अन् त्या सोनेरी नावावर वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी आणखी एक फडकं होतं. आता तिथे जागा मिळवायला बायकांची भांडणं होतात.