मी माग नव्हे

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चौकट आहे. पण संग्रहालयातल्या पाटीवर विश्वास ठेवाल, तर मी 'मुलींच्या खेळण्यातला हातमाग' आहे. अकरा वर्षे ही पाटी गळ्यात घालून मी गप्प बसले होते.

मला घडवले एका सुताराने. खाली जाड फळी, दोन उभे खांब, वर आडवी दांडी आणि मधे ताणलेल्या चार दोऱ्या, एवढाच माझा संसार. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात माझी जागा खिडकीपाशी होती. छापील कागदांच्या घड्या माझ्या फळीवर एकावर एक ठेवायच्या आणि सुईने त्या दोऱ्यांना शिवून टाकायच्या, की पुस्तक उभे राहिले. शाळेची पुस्तके, नकाशांचे गठ्ठे, जाडजूड शब्दकोश माझ्याच अंगाखांद्यावर वाढले. मुख्य कारागीर म्हणत, "हिच्यावर शिवलेलं पुस्तक फाटेल, पण उसवणार नाही." हे ऐकून मी फुगत असे. दमट हवेत लाकूड फुगते, ते वेगळे.

मग डिंकाने पाने चिकटवणारे यंत्र आले. माझी रवानगी माळ्यावर झाली आणि तिथून संग्रहालयात. इथे देखरेख करणाऱ्या ताईंनी दोऱ्या पाहिल्या आणि मला माग ठरवले. त्यांचा तरी काय दोष? सांगणारे कोणी भेटलेच नाही.

गेल्या रविवारी मात्र माझे धाबे दणाणले. ताई शिपायाला म्हणाल्या, "माग तीन झालेत. हा छोटा उद्या तळघरात ठेवू या." तळघरात गेलेली वस्तू पुन्हा वर आलेली मी कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात एक कुटुंब आले. आई, बाबा, दहा वर्षांची मुलगी आणि स्वतःच्या गुडघ्यांवर करवादत चालणारी आजी. आजी माझ्यापुढे थांबली. तिने चष्मा पुसला.

"हा कसला माग? असल्याच चौकटीवर मी सतरा वर्षं पुस्तकं शिवली."

"आई, पाटीवर लिहिलंय ना," सून कुजबुजली.

"लिहिणाऱ्याने एक तरी पुस्तक शिवलंय का?"

लिहिणाऱ्या ताई मागेच उभ्या होत्या. आता भांडण जुंपणार, असे मला वाटले. पण ताई म्हणाल्या, "आजी, करून दाखवाल?"

अभिप्रायाच्या वहीच्या घड्या सुटल्या होत्या, म्हणून ती रबर लावून ठेवलेली असे. आजीने तीच मागितली. शिपायाने सुतळी, सुई आणि जाड दोरा आणला. ताईंनी माझ्या कुजलेल्या दोऱ्या काढू दिल्या आणि आजीने सुतळी ताणली. पहिल्याच टाक्याला सुई बोटात घुसली. "हात विसरले वाटतं," आजी पुटपुटली आणि माझा जीव टांगणीला लागला. दुसरा टाका वाकडा पडला. तिसऱ्यापासून मात्र हात असे चालले, की बघे गोळा झाले. नात एकेक घडी पुढे करत होती. शेवटच्या दोन घड्या तिनेच शिवल्या. "ही इथेच राहू दे," ताई शिपायाला म्हणाल्या आणि तळघर टळले. इतक्या वर्षांनी माझ्या अंगावर काम होते आणि मी आनंदाने करकरले.

मित्रांनो, जुन्या वस्तू नुसत्या पुसून ठेवू नका. त्या वापरलेली माणसे घरात असतील, तर वेळेवर विचारा. आजीच्या कारखान्यात पुस्तके शिवणाऱ्या बावीस जणी होत्या. त्यांतली ती एकटीच उरली होती. आता दोघी आहेत.