देवापुढची काच

सिद्धलिंग आप्पांनी चिमूटभर राख देवाच्या पेटीच्या काचेवर टाकली, नारळाच्या शेंडीनं दाबून दोन हात फिरवले, आन् जाग्यावरच थिजले. आतला महादेवाचा चांदीचा मुखवटा धुक्यात गेल्यावाणी दिसायलता.

काच म्हणायची आपली सवय. ती प्लास्टिकची. काच फुटती म्हणून गेल्या साली बीडहून नवी पेटी करून आणलती. एरवी तिच्यावर नुसतं फडकं फिरायचं, पर आज पालखी म्हणून राख घेतली. आप्पांनी जल्मभर देवाची पितळी भांडी राखेनं लखलखीत केलेली. त्या हाताला काय कळणार, हे भांडं न्हाई म्हणून?

धर्मापुरीच्या अलीकडच्या त्या गावाची रीत अशी. मुखवटा वर्षभर आप्पांच्या घरी, आन् श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी पालखीत. पालखी उचलायच्या आधी म्हातारी ताराबाई, सगळं गाव जिला आई म्हणतं ती, पेटीपुढं वाकती आन् "देव दिसला" म्हणती. ती न्हाई म्हणली, की मान दुसऱ्या घराला. आप्पांच्या आज्यापासूनचा मान. आन् हलगी तर वेशीत वाजायलती.

"कावेरी! दरवाजाला रंग दिलता तवाचं थिनर आण गं!"

सून पळत आली. पेटी बघून तिनं तोंडावर हात ठिवला. "थिनर नका, मामा! सगळं पांढरं पडंल, वरून तडकंल."

"मग काय देवाला चष्मा लावू?"

"आधी राख धुवा. कचकच ऱ्हायली तर अजून ओरखडं पडत्याल."

तिनं साबणाचं पाणी सोडलं. मग दात घासायची पांढरी पेस्ट आन् जुनं मऊ बनियन आणलं. माहेरी भावाच्या स्कुटीच्या मीटरवर तिनं हे केलतं. "हलक्या हातानं, गोल गोल."

आप्पांचा हात कुठला हलका!

"मामा, दाबू नका!"

"कळलं की! सारखं सारखं काय सांगायलीस!"

कपाळाचा घाम टपाटपा पडायलता. पेस्टमधी देव तर पारच गायब झाला.

तेवढ्यात चुलतभाऊ सोमेश्वर पालखीच्या दांड्या घेऊन दारात आला. मान गेला असता, तर त्याच्याच घरी. "काय बे सिद्धू, देवाचे दात घासायलास का?"

"तुझेच घासतो, ये इकडं!"

सोमेश्वर हसला न्हाई. पेटीकडं बघत म्हणला, "म्हातारी निघालीय बरं का."

पुसलं. धुकं पातळ झालं. परत पेस्ट, परत गोल गोल. नाक दिसलं, मिशी दिसली, डोळं उघडलं. पर एक रेघ भुवईपासून गालापतूर तशीच. कावेरीनं नख फिरवलं, ते अडकलं. "ही पेस्टनं न्हाई जायची, मामा."

"पॉलिश पेपर मारू?"

"हात चुकला तर हाय ते बी जाईल." मग ती हळूच म्हणली, "हार सोडू का त्यावर?"

आप्पांनी झेंडूचा हार उचलला. रेघेवर बराबर बसला असता. हलगी अंगणात आली. ताराबाईची काठी उंबऱ्यावर वाजली. आप्पांनी पेटीकडं बघितलं, हाराकडं बघितलं, आन् हार ताटात परत ठिवला.

म्हातारी वाकली. लई येळ वाकूनच ऱ्हायली. मग तिचं बोट बराबर रेघेवर गेलं. "हे काय रं?"

"माझ्या हातचं हाय, आई. राखेनं घासलो."

हलगी थांबली. सोमेश्वर एक पाऊल म्होरं सरकला.

"गाव मला काच इचारत न्हाई," ताराबाई म्हणली. "देव इचारतंय. देव दिसला."

कावेरीनं श्वास सोडला. पर म्हातारी अजून सरळ झाली नव्हती.

"आन् सिद्धलिंगा, उद्यापास्नं पेटीला तू हात लावायचा न्हाई. सुनंनं पुसायची."

दर सोमवारी पहाटं देवापुढं एकट्यानं बसून पुसत ऱ्हायचं, घरातलं कुणी हाक बी मारायचं न्हाई, तेवढं एकच आप्पांचं सोताचं होतं. त्यांचा चेहरा उतरला.

"व्हय," ते म्हणले, आन् त्या दिशी देवळापतूर पालखीचा पुढचा खांदा त्यांनी कुणालाच बदलू दिला न्हाई.