खालून आलेलं पाणी

कुकरची सातवी शिट्टी झाली. हर्षलाने वाफ जिरू दिली, झाकण काढलं, डाळीचा दाणा चिमटीत दाबला. टणक. डाळ गेल्याच आठवड्यात आणलेली, म्हणजे खोट डाळीत नव्हती. तिने कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन तोंडात घोळवलं आणि मोरीत थुंकून टाकलं. विहिरीला खार लागली होती.

नायगावच्या खाडीकाठच्या बोअरी केव्हाच खारावल्या होत्या. गोडी उरली होती ती या एका विहिरीला. इथे राहायचं की गाशा गुंडाळायचा, हे या विहिरीवरच ठरणार होतं. पाच वर्षांच्या लेकीचं, खुशीचं बोट धरून हर्षला सासऱ्यांना, श्रीपत यांना गाठायला शेताच्या बांधावर गेली.

खाडीचं पाणी अडवायला बांध, आणि शेतातलं पाणी सोडायला बांधात फळ्यांची उघाडी. मे महिना आला की श्रीपत उघाडीच्या खांबावर मोठ्या उधाणाची खूण बघायचे आणि बांध तिच्याहून वीतभर वर चढवायचे. त्यांच्या बापानेही तेच केलं होतं. अलीकडे खूण दर सालाला वर सरकत होती. गेल्या वर्षी पाण्याच्या पातळीची मोजणी करायला आलेल्या मुलीने समजावलं होतं, की दर्या तापून फुगतोय हे खरंच, पण तुमच्याकडे तो जास्त चढतो, कारण बोअरी-विहिरींचं पाणी उपसून उपसून खालची जमीनही बसतेय. श्रीपत हसले होते. दर्या काय एकट्या आमच्यावर रुसलाय, असं म्हणत त्यांनी तिला ताडगोळे खाऊ घालून वाटेला लावलं होतं.

आता विहिरीला खार लागल्याचं ऐकताच त्यांनी आधी उघाडीला शिव्या घातल्या. फळ्याच सुटल्या असणार. खाली उतरून त्यांनी एकेक फळी चाचपली, आतल्या अंगाची माती मुठीत घेतली. कोरडी खडखडीत. बांधाला खेकड्याचं बीळसुद्धा नव्हतं. त्यांनी मूठ उघडून माती खाली सोडली.

"पानी बांधावरनं नाय आलं, पोरी," ते म्हणाले. "खालनं आलंय. उपसून उपसून आपनच जागा करून दिली त्याला."

घरामागे तिचा नवरा भूपेश विहिरीवर विकायचा, सकाळपासूनचा चौथा टँकर भरत होता. हर्षलाने पंप बंद करायला सांगितलं. तिच्याकडे न बघताच तो म्हणाला, की आजूबाजूच्या बोअरी खारट होऊनही चालूच आहेत, टँकर घेणाऱ्या टॉवरमधल्या लोकांना धुण्याभांड्याला सगळं चालतं. आपण एकट्याने थांबून काय होणार?

मागोमाग आलेले श्रीपत पुढे झाले. मातीने भरलेल्या हाताने त्यांनी पंपाचं बटण बंद केलं. पाइप दोन आचके देऊन गप्प झाला. भूपेशने ते पुन्हा चालू केलं नाही. पंप थांबला म्हणून बसलेली जमीन वर येत नाही, आत शिरलेली खारही लगेच निघत नाही, हे तिघांनाही कळत होतं.

खुशी कठड्यावर हनुवटी टेकून विहिरीत बघत होती.

"आई, मग आता आपल्याला प्यायला टँकर कुणाच्या विहिरीतून येणार?"