बॅटरीखाली दडवलेला गेम

यंत्र वाईट नव्हतं, हे आधी सांगते. फोन आणि गेम एकाच खिशात. इथे फिनलंडमध्ये, टाम्पेरे शहराच्या बसमध्ये दोन मुली समोरासमोर बसून त्यावर एकमेकींशी शर्यत लावायच्या आणि आपला स्टॉप विसरायच्या. त्यांना ती यंत्रं मीच दिली होती, चाचणीचं काम माझ्याकडे होतं.

पण गेम बदलायचा तर फोन बंद करा, झाकण काढा, बॅटरी उपसा, मग तिच्याखालचं कार्ड बदला. तोवर मुली कंटाळून खिडकीबाहेर बघायच्या. कार्ड बाजूने आत सरकवायच्या खाचेचं चित्र मी काढलं, विभागप्रमुख वेइयोला तीनदा दिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

आमच्या बैठकांत कुणी बोलत नाही, कॉफी पितात. निर्णय होतात ते शुक्रवारी, कंपनीच्या सौनामध्ये, म्हणजे कपडे काढून घाम गाळायच्या गरम खोलीत. सहा ते सात बायकांची पाळी, सातनंतर पुरुषांची. आणि साहेब झाडून सगळे पुरुष. म्हणजे आम्ही अंग शेकून घरी जायचं आणि सोमवारी निकाल ऐकायचा. त्या सोमवारचा निकाल असा, की नवा साचा करायला वेळ नाही, नाताळची विक्री हातची जाईल.

संताप झाला माझा. पुढच्या शुक्रवारी साडेसातला मी कोट-बुटांसकट पुरुषांच्या बाजूला शिरले. पाच साहेब, पाच टॉवेल.

"आउती, आमची पाळी आहे," वेइयो म्हणाला.

"माहीत आहे." मी यंत्र त्याच्यापुढे धरलं. "यातला गेम बदलून दाखव."

त्याने झाकण काढलं. ओल्या बोटांतून बॅटरी निसटली आणि कार्ड थेट मोरीच्या जाळीत गेलं. सगळे हसले.

"सौनात कोण गेम बदलणार गं?" वेइयो म्हणाला.

"इथे नाही, बसस्टॉपवर. उणे वीसमध्ये, गारठलेल्या बोटांनी."

सोमवारी मला पत्र मिळालं, पुरुषांच्या पाळीत घुसल्याबद्दल ताकीद. खाच मिळाली नाही.

यंत्र बाजारात आलं आणि हसं झालं. दुकानात बॅटरी काढावी लागली की लोक यंत्र ठेवूनच द्यायचे. महिन्याभरात किंमत पाडली. बसमधल्या मुलींनी त्यांची यंत्रं न मागता परत आणून दिली. तेव्हा मी रडले, लाज कसली.

वसंतात दुसरी आवृत्ती निघाली. बाजूला खाच, अगदी माझ्या चित्रातली. वरातीमागून घोडं, दुकानदारांनी तोवर मागवणंच बंद केलं होतं. तरी समारंभ झालाच. पत्रकारांसमोर वेइयो म्हणाला, ही कल्पना आम्हाला सौनात सुचली.

मी उठले. "खरं आहे," म्हटलं. "फक्त तेव्हा अंगावर कपडे असलेली मी एकटीच होते. आणि चित्रही माझंच होतं."

वेइयोने कप उचलला. बाकीच्यांनीही उचलले. सगळे कॉफी पीत राहिले.