आईची यंत्रणा

"'य'चा 'ज' करायचा, 'अ'चा 'ओ'. झालं बंगाली!" पुण्याहून कुणी आलं की आई हे ठासून सांगायची. मी इथल्याच शाळेत शिकलेली, मला हसू यायचं. इतकी वर्षं बालीगंजात काढून बाईसाहेबांचं बंगाली भाजीबाजाराच्या पुढे सरकलं नाही. बाकी सगळा कारभार हिंदीवर.

शहराबाहेर बजबज गावात तिचा धुलाईचा कारखाना आहे. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल. पूर्वी एक टॉवेल हरवला तरी फोन हिलाच. जेवताना फोन, देवापुढे बसली तरी फोन. शेवटी रक्तदाब एवढा चढला की डॉक्टरांनी चांगलंच झापलं, आणि ती कुठल्याशा शिबिराला जाऊन आली. तिथून एकच मंत्र घेऊन आली: काम सोपवा. मग निताईदांना, म्हणजे तिच्या जुन्या सुपरवायझरना, तिने सगळं सोपवून टाकलं. किल्ल्या, माणसं, तक्रारी. "किरकोळ गोष्टींसाठी मला फोन करायचा नाही," अशी वर ताकीद. "आता कशी यंत्रणा उभी राहिली!" येता-जाता तेच. खोटं कशाला बोलू, घरात शांतता आली होती. मलाही बरं वाटायचं.

त्या मंगळवारी आम्ही पोहे खात होतो, तेव्हा निताईदांचा फोन आला. आईच्या कपाळाला आठ्या. "आदमी भेजती हूँ," ती म्हणाली. "आप बैठिए. कुछ मत कीजिए." फोन ठेवून मला म्हणाली, "यंत्रणा बिघडलीय म्हणे. तो मेला ड्रायर असणार, दुसरं काय!" लगेच मिस्त्रीला फोन लावला आणि पुन्हा पोह्यांकडे वळली. "बघितलंस? पूर्वी मी उठून धावले असते."

मिस्त्रीने थोड्या वेळाने कळवलं, सगळी मशीन ठणठणीत चालू आहेत. आई वैतागली. "उगाच डोक्याला ताप!" पण निताईदांना काही तिने फोन केला नाही. काम सोपवलं की त्या माणसाच्या मागे लागायचं नाही, असं शिबिरात सांगितलं होतं.

दुपारी कामावरच्या बायकांना निताईदा गोदामात सापडले. चादरींच्या गठ्ठ्याला टेकून बसले होते. हार्ट अटॅक. जीव केव्हाच गेला होता. दीदी माणूस पाठवतायत, तोवर जरा बसतो, एवढंच बायकांना सांगून ते आत गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाताना मी टॅक्सीत आईला विचारलं, "फोनवर नेमकं काय म्हणाले गं ते?"

"जोंत्रोणा. खूब जोंत्रोणा, दीदी." आईने माझ्याकडे पाहिलं. "यंत्रणाच ना?"

"आई, जोंत्रोणा म्हणजे वेदना. कळा येत होत्या गं त्यांना."

तिने माझा हात घट्ट धरला. तिला गदागदा हलवावं इतका राग आला होता मला. पण तिचा हात बर्फासारखा गार पडला होता, तो काही मला सोडवेना.

त्यांची बायको, मालती बौदी, जमिनीवर बसली होती. आम्हाला पाहून रडली नाही. बंगालीत एकच विचारलं, "शेवटचा फोन दीदींना केला होता त्यांनी. दीदी काय म्हणाल्या?"

आईला प्रश्न कळला होता. चेहऱ्यावरच दिसत होतं. तरी मराठीत मला म्हणाली, "सानिका, तूच सांग. तुला नीट येतं."

म्हणजे हेही माझ्याच गळ्यात! संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बौदी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"म्हणाली, बसून राहा, मी माणूस पाठवते," मी सांगितलं.

"पाठवला होता?"

"हो. लगेच."

एक शब्दही खोटा नव्हता. बौदीने आईचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले, आणि मग मात्र तिला रडू फुटलं. हुंदक्यांत ती काहीतरी बोलत राहिली.

"काय म्हणतेय?" आईने दबक्या आवाजात विचारलं.

"आभार मानतेय तुझे," मी म्हटलं. "म्हणतेय, काल सकाळी मला सांगत होते तर मी म्हटलं, गॅस झाला असेल. दीदी, तुम्ही तरी त्यांचं ऐकलंत."