गोफणीतली वायर

भैय्याजींच्या तेलगिरणीत एकोणनव्वद साली कंप्युटर आला तेव्हा अख्खं पांढुर्णा बघायला लोटलं, आणि आठवड्यात विसरलंही. प्रभाकर तेवढा विसरला नाही. पोती वाहणाऱ्या या माणसाला नागपूरला धाडून ते युनिक्सचं मशीन शिकवलं होतं. मशीन ऑफिसात, प्रिंटर पार मागच्या गोदामात, आणि दोघांना जोडणारी एक करडी वायर गच्चीवरून गेलेली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, मधल्या झेंड्यासाठी दिवसभर एकमेकांवर दगड. दरवर्षी डोकी फुटतात, आणि आपण परंपरा म्हणून मोकळे होतो. भैय्याजी बाहेरगावचे, सौंसरचे, त्यांना गोटमारीचं काय? गिरणी सावरगावच्या काठाला, दारात भरलेले ट्रक, पावत्या हव्यात. नेमका प्रिंटर मुका झाला. संध्याकाळपर्यंत छपाई झाली नाही तर मशीन परत नागपूरला आणि प्रभाकर परत पोत्यांवर, असं त्यांनी बजावलं.

प्रभाकरनं इंग्रजी अक्षरांत एक ओळ टाइप करून पाठवली: मी प्रभाकर बोलून राहिलो. प्रिंटर ढिम्म. पुन्हा पाठवली, मग चिडून पाठवतच राहिला. मशीन प्रत्येक ओळ घेऊन पोटात ठेवत होतं, बंद केलं तरी पुसत नव्हतं; रस्ता मोकळा झाला की छापू. गोदामात जाऊन त्यानं प्रिंटरचं बटण दाबून धरलं, तर प्रिंटरनं स्वतःची चाचणी खडखडून छापून दिली. मशीन ठीक, प्रिंटर ठीक, म्हणजे घोळ वायरीत. गच्चीवर चढून पाहतो तर मधली दोन हात वायर कुणीतरी कापून नेलेली.

चौकीदार जयवंता खाली बिडी ओढत होता. प्रभाकरनं विचारपूस केलीच नाही. कॉलर धरून त्याचं तोंड भिंतीवर आपटलं, पडल्यावर लाथा घातल्या. ओठ फाटला, दात मातीत पडला. आपल्याकडे गरिबावर संशय घ्यायला पुरावा लागत नाही, याची मला चीड येते.

"मले काऊन मारून राहिले, बाबू?" जयवंता रक्त थुंकत म्हणाला. "तुमचाच गुणवंता आलता काल डब्बा घेऊन. तोच गच्चीवर गेल्ता. गोफणीले सुतळी ओली होते म्हणे."

गुणवंता प्रभाकरचा धाकटा भाऊ, दोघं पांढुर्ण्याच्या काठचे. गोफणीला बंदी, म्हणून तर ती चालवणाऱ्याचा गावात भाव. प्रभाकर तसाच नदीकडे धावला. वाटेत एकाचा कान लोंबत होता, एकाला खाटेवर घालून नेत होते. पलीकडच्या काठावर गुणवंताच्या डोक्यावर करडी वायर गरगर फिरताना त्याला दिसली. तो हात वर करून, ओरडत पाण्यात उतरला. ढोलांच्या गजरात काही ऐकू जाईना. गुणवंताला एवढंच दिसलं, की सावरगावच्या बाजूनं एकजण चालून येतोय.

त्यानं नेम धरला आणि सोडला.

गोटा कानशिलावर बसला. पांढुर्ण्याच्या काठावर जल्लोष झाला, त्यात गुणवंताही नाचला. प्रेत पाण्यातून उताणं काढलं तेव्हा त्याचं नाचणं थांबलं.

प्रभाकरचे तेरा दिवस झाल्यावर गुणवंता वायर घेऊन गिरणीत आला. भैय्याजींनी तीच वायरमनकडून आतल्या तारांच्या रंगाला रंग लावून गच्चीवर जोडून घेतली. नवी आणायला त्यांचा जीव झाला नाही. मग मशीन चालू केलं.

गोदामात कुणी हात न लावता प्रिंटर खडखडायला लागला. जयवंतानं कागद उचलून गुणवंताला दिला, कारण त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं.

मी प्रभाकर बोलून राहिलो.

खाली तीच ओळ, पुन्हा तीच. गुणवंता दोन्ही हातांनी कागद दाबून धरू लागला. "बंद करा हो कोणी," तो म्हणत राहिला. पण ते कसं थांबवायचं, हे त्या गिरणीत एकट्या प्रभाकरला ठाऊक होतं.